पिवळ्या शेपटीचा मासा

१

लिफाफ्यावरची लाख शाबूत होती. चारही ठसे जागच्या जागी होते आणि सुतळीची गाठ कुणी हलवलेलीसुद्धा नव्हती. तरीही लिफाफ्यातली गोष्ट त्या दिवशी सकाळी पेपरात पहिल्या पानावर छापून आली होती.

"बाई, आता तुम्हीच सांगा," न्यायाधीशसाहेब म्हणाले. "हे कागद बंद लिफाफ्यातून चालत गेले का?"

मी या कोर्टात चौतीस वर्षं स्टेनो होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी मला अजून सगळे पेन्सिलबाईच म्हणतात, कारण अंबाड्यात पेन्सिल खोवायची सवय काही सुटलेली नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मला प्रत्येक उजेडाभोवती एक पुसट कडं दिसतं. त्यामुळे साहेबांच्या खोलीतला दिवा, खिडकी, त्यांच्या चष्म्याच्या काचा, सगळंच जरा तरंगत असल्यासारखं वाटत होतं. पेपर मात्र मी नीट वाचला.

खटला एका जुन्या प्रसूतिगृहाचा होता. तीस वर्षांपूर्वी तिथल्या संचालिकेने लग्न न झालेल्या मुलींची बाळं त्यांना न विचारता परस्पर देऊन टाकली, असा आरोप होता. एका बातमीदाराने वर्षभर चपला झिजवून हे प्रकरण उजेडात आणलं होतं. तो नसता तर खटला उभाच राहिला नसता. पण त्या मुली आता संसारातल्या बायका होत्या, आणि कित्येकींच्या घरी यातलं अक्षरही माहीत नव्हतं. म्हणून साहेबांनी त्यांच्या साक्षी बंद दाराआड घेतल्या आणि त्यातला मजकूर छापायला मनाई केली. बायकांना नावं नव्हती, फक्त क्रमांक होते.

आणि आज पेपरात हे आलं होतं: "एकीने आपल्या बाळाच्या झबल्यावर मासा भरला होता. अंग लाल, शेपटी पिवळी. लाल धागा संपला होता."

"हा मासा सातव्या साक्षीदाराचा," साहेब म्हणाले. "बाईंनी शपथेवर सांगितलंय, ही गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. टाइप केलेली एकच प्रत निघाली, ती मी स्वतः लाखबंद केली. मग उरते फक्त स्टेनोची शॉर्टहँडची वही. ती तिच्या ड्रॉवरमध्ये असते आणि किल्ली तिच्या पर्समध्ये."

स्टेनो म्हणजे माझी विद्यार्थिनी. मीच तिला शिकवलं, मीच तिला या खुर्चीत बसवलं. तिचं अक्षर मी सोडून कुणाच्या बापाला लागत नाही, म्हणून तर साहेबांनी मला बोलावून घेतलं होतं.

"तीन वाजता सुनावणी आहे," ते म्हणाले. "बातमीदार नाव सांगत नाही. नाहीच सांगितलं तर मला त्याला आत टाकावं लागेल. आणि या पोरीची नोकरी जाईल. मला दोन्ही आवडणार नाही, पण माझ्यापुढे दुसरं काय आहे?"

मी वही उघडली. पान सापडायला वेळ लागला नाही, कारण त्या पानावर एका शब्दाखाली दोन ठळक रेघा होत्या. शॉर्टहँडमध्ये अशा रेघा कुणी मारत नाही. तो शब्द होता "मासा".

२

"रेघा मीच मारल्यात," पोरगी म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते आणि समोरचा चहा गार होऊन त्यावर साय आली होती. "बाई, मला माहितेय ते कसं दिसतंय."

"कसं दिसतंय ते मला नको सांगूस. का मारल्यास ते सांग."

"माझं बाळ आठ महिन्यांचं आहे. त्या बाई झबल्याचं सांगायला लागल्या आणि माझा हातच थांबेना. तुम्ही शिकवलं होतं, ऐकायचं पण मनावर घ्यायचं नाही. त्या दिवशी घेतलं मनावर."

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण तपास करायला आलेल्या माणसाने असं करायचं नसतं, म्हणून मी नुसता चहा तिच्याकडे सरकवला.

मग मी ते पान शब्दन् शब्द वाचलं. टाइप केलेल्या जबाबात साहेबांची वाक्यं असतात, सोपी करून सांगितलेली. वहीत मात्र बोलणाऱ्याचा शब्द जसाच्या तसा असतो, खोकल्यासकट. वहीत होतं: "लाल मासा भरला मी. लालच धागा होता जवळ. ते झबलं अंगात घालूनच नेलं त्याला." त्यापुढे एक छोटी फुली होती, आणि मग अर्धं पान कोरं.

फुलीचा अर्थ मला विचारायची गरज नव्हती. आमच्या कोर्टाची ही जुनी रीत. साक्षीदाराला रडू फुटलं की साहेब डावा तळहात वर करतात. पेन्सिल थांबते आणि खोलीतले सगळेजण खिडकीबाहेर बघायला लागतात. पाणी पिऊन झालं, श्वास ताळ्यावर आला, की हात खाली येतो. मधलं काही टिपायचं नाही. नियमांच्या पुस्तकात हे कुठे नाही. पण या साहेबांच्या आधीचे साहेबही तसंच करायचे आणि त्यांच्या आधीचेही.

"या फुलीच्या वेळी त्या काही बोलल्या?"

"मी खिडकीबाहेर बघत होते, बाई. आवाज नाही आला."

"शेपटीबद्दल?"

तिने वहीचं पान आपल्याकडे फिरवलं. "शेपटीबद्दल त्या काही बोलल्याच नाहीत," ती सावकाश म्हणाली. "पेपरात वाचलं तेव्हा मला वाटलं, माझ्याच कानातून निसटलं."

३

बातमीदार व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. पायाशी कापडी पिशवी होती, आणि पिशवीतून दात घासायचा ब्रश डोकावत होता. गडी तुरुंगाची तयारी करूनच आला होता.

"दोन शर्ट, एक पुस्तक," त्याने माझी नजर बघून सांगितलं. "बायकोने लोणच्याची बाटली देऊ केली होती, पण आत चालते की नाही कुणालाच माहीत नाही. विचारा काय विचारायचंय. नाव सोडून."

"त्या पोरीची नोकरी जातेय, हे ठाऊक आहे ना?"

त्याचा चेहरा उतरला. "ठाऊक आहे. सकाळपासून तेच डोक्यात आहे. पण बाई, मी आज एक नाव सांगितलं, तर उद्या माझ्याकडे तोंड उघडायला कोण येईल? या प्रकरणात पहिली बाई माझ्याशी बोलली, ती दाराची कडी लावून, पाठमोरी बसून बोलली. तिला मी शब्द दिला होता. त्या एका शब्दावर हा सगळा खटला उभा आहे."

"आणि कोर्टाची मनाई? ती धाब्यावर?"

"मनाई साक्षीतला मजकूर छापायला होती. मी साक्ष बघितलेली नाही. पण तेवढं म्हटलं तरी पुढचा प्रश्न येणार, मग कुठून मिळालं? म्हणून मी काहीच म्हणत नाही."

मी मुद्दामच त्याला डिवचलं. "तसंही तुम्ही चुकीचंच छापलंत. मासा अख्खा लाल होता."

तो चिडला. बातमीदाराला शिवी दिलेली चालते, चूक काढलेली चालत नाही. "एक अक्षर चुकीचं नाही. शेपटी पिवळी का, ते मी दोनदा विचारून घेतलं."

बोलून गेल्यावर त्याने ओठ मिटले. मीही काही ऐकलं नाही असा चेहरा केला. पण विचारून घेतलं, असं तो म्हणाला होता. कागदाला कुणी काही विचारत नाही.

४

पाणी देणारे शिपाईदादा जिन्याखाली स्टुलावर बसून खुर्चीचा पाय ठोकत होते. आम्ही दोघं एकाच वर्षी कोर्टात लागलो.

"सगळे खिडकीबाहेर बघतात तेव्हा तुम्ही कुठे बघता, दादा?"

"मी कुठे बघणार? ग्लास हातात असतो माझ्या." त्यांनी हातोडी खाली ठेवली. "बोलल्या नाहीत त्या. चकार शब्द नाही. पाणी थोडं सांडलं टेबलावर. त्यात बोट बुडवून त्यांनी मासा काढला. डोळा, खवले, शेपूट, सगळं. मग माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच पदराने पुसून टाकला." त्यांनी हातोडी पुन्हा उचलली. "अजून ते टेबल पुसताना मी तेवढ्या जागेवर जरा हळूच फडकं फिरवतो. उगाच आपलं."

सातव्या साक्षीदार आज आल्या नव्हत्या. पण त्यांची धाकटी बहीण आली होती. दादांनीच ती दाखवली. साक्षीच्या दिवशीही हीच सोबत होती. ती खांबाला टेकून उभी होती आणि पेपराची घडी करत होती, उलगडत होती.

"ताईला ताप आहे," ती म्हणाली. "तिने कोर्टात तोंड उघडलं आणि कोर्टाने तिला पेपरात घातलं. हे बरं आहे का?"

"माशाबद्दल तुम्हाला माहीत होतं?"

"मला नसेल तर कुणाला? तिथे भेटायला फक्त मला सोडायचे, तेही दहा मिनिटं. सुईदोऱ्याला बंदी. मी एक सुई आणि काडीवर गुंडाळलेला लाल धागा केसांत लपवून नेला होता. थोडासाच. तिने माझ्यादेखत अंग भरायला घेतलं." तिने पेपरावर बोट आपटलं. "पण हे पिवळी शेपटी वगैरे यांनी पदरचं घातलंय. मासा लाल होता. दुसऱ्या दिवशी मी गेले तर बाळ नव्हतं, आणि झबलंही नव्हतं."

मी बाकावर येऊन बसले. दुपारचं ऊन व्हरांड्यात लोळत होतं, कुठल्याशा खोलीत पंखा लयीत करकरत होता, आणि खरं सांगते, माझा डोळा लागला. झोपेत वहीतल्या शॉर्टहँडच्या रेघा पानावरून सुटल्या आणि पोहायला लागल्या. मी त्यांच्यामागे शेपट्या मोजत फिरत होते. सगळे मासे पाण्याचे होते, आरपार दिसणारे. एकाही माशाला रंग नव्हता.

मी दचकून उठले तेव्हा दीड वाजला होता.

पाण्याला रंग नसतो. त्या खोलीत पिवळ्या रंगाचा उच्चारच झाला नव्हता. वहीत तो नाही, म्हणजे लिफाफ्यातही नसणार. बहिणीलाही माहीत नव्हता. मग साऱ्या जगात तो कुणाला माहीत असेल? मासा भरणारीला, आणि ते झबलं घालणाऱ्या बाळाला. दोनच माणसं. पण झबलं बघून शेपटी पिवळी आहे एवढंच कळतं. लाल धागा संपला होता, हे झबलं सांगत नाही.

म्हणजे दोनही नाहीत. एकच माणूस.

"मला तुमच्या ताईंकडे न्याल?" मी धाकटीला विचारलं. "नाव नाही विचारणार, पत्ता लक्षात नाही ठेवणार. फक्त दहा मिनिटं."

तिने फोन लावला. माझं बोलणं तिने ताईला जसंच्या तसं सांगितलं. मग धाकटीने फोन ठेवला आणि म्हणाली, "चला."

५

कपडे दुरुस्त करून द्यायचं छोटं दुकान होतं. पुढे नवरा इस्त्री करायचा, मागे पडद्याआड बायको शिवायची. नवरा गोलमटोल, बोलका. "बसा, बसा. हिला बरं नाहीये, पण काम सोडेल तर शपथ!" असं म्हणून तो पुन्हा वाफेत शिरला.

ती पडद्यामागे बसली होती. पन्नाशीची, बारीक, बोटाला शिवणाचं टोपण. ताप नव्हताच. मशीनशेजारी रिळांचा डबा होता, त्यात सगळे रंग ओळीने लावलेले. मी मुद्दाम धाकटीला बाहेर थांबवलं.

मी हळू आवाजात एवढंच विचारलं, "लाल धागा संपला तेव्हा बहीण होती का हो तिथे?"

"नाही, ती गेली होती. बाहेरून कडी घातलेली. मग मी चादरीची पिवळी किनार उसवली आणि—"

ती थांबली. इस्त्रीचा फुस्स असा आवाज झाला. तिने टोपण बोटातून काढलं आणि पुन्हा घातलं.

"तुम्हीच सांगितलंत त्याला," मी म्हणाले.

"साक्ष दिली त्याच संध्याकाळी." तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "आयुष्यात पहिल्यांदा बोलले होते. बाहेर पडले आणि वाटलं, हे सगळं आता लिफाफ्यात बंद होणार. लाख लावणार. माझी सोय झाली, पण जिला ऐकायला हवं ती माझी मुलगी कशी ऐकणार? माझं नाव झाकलेलंच हवं होतं मला. मासा नको होता झाकायला."

"मग कोर्टात का नाही सांगितलंत?"

"इतका गोंधळ होईल असं कुठे वाटलं होतं? सकाळी बहीण तणतणत आली, कोर्टाने फोडलं म्हणून. मग वाटलं, आता खरं बोलले तर उठून सगळ्यांसमोर बोलावं लागेल. आणि हे..." तिने पडद्याकडे बघितलं. "हे माणूस फार चांगलं आहे हो. मी तीस वर्षांत सांगितलं नाही, हेच त्यांना लागेल. बाकीचं नाही."

मी तिला पोरीबद्दल सांगितलं, आठ महिन्यांच्या बाळाबद्दल आणि पिशवीतल्या ब्रशबद्दलही. तिचा चेहरा पांढरा पडला.

"मी येते," ती म्हणाली आणि उठलीसुद्धा. "माझ्यामुळे दोघांचं वाटोळं नको."

ती खरोखर आली असती. मी तिला खांद्याला धरून बसवलं. "तुम्ही बसा. मला आधी प्रयत्न करू द्या."

निघताना तिने माझी बाही धरली. "त्या किनारीचा धागा हलका होता, बाई. पहिल्याच धुण्यात रंग सोडला असणार. सगळं झबलं खराब झालं असेल. इतक्या वर्षांत एवढंच मनात येतं बघा."

घड्याळात अडीच वाजले होते, आणि मी एका अनोळखी बाईला असा शब्द देऊन बसले होते की जो पाळायचा कसा हे मला अजिबात सुचत नव्हतं.

६

तीन वाजता साहेबांनी मला उभं केलं. पोरगी खाली आपल्या टेबलाशी पेन्सिल घेऊन बसली होती. स्वतःच्याच शिक्षेचा हुकूम टिपायला दुसरं कोण होतं? बातमीदार पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

"साहेब," मी म्हणाले, "त्या माशाचा रंग कोणता होता?"

"लाल," साहेब चटकन म्हणाले.

"शेपटीचा?"

त्यांनी लिफाफ्याची लाख फोडली, जबाब काढला, शेवटपर्यंत वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"वहीतही नाही," मी सांगितलं. "खोलीत कुणी बोललेलं नाही. जे कागदावर नाही ते कागदातून कसं फुटेल? माझं काम वही वाचायचं होतं. ते झालं."

साहेब खुर्चीत मागे टेकले आणि हुकूम सांगायला लागले. पेन्सिल पळू लागली. "शेपटीचा रंग, तसंच धागा संपल्याचा तपशील, या न्यायालयाच्या कोणत्याही कागदावर नाही. यावरून उघड होतं की ही माहिती अशाच व्यक्तीने दिली असली पाहिजे, जिने स्वतः तो मासा..."

त्यांचा डावा तळहात वर आला.

पेन्सिल थांबली. खोलीत कुणीही रडत नव्हतं. तरी रीत ती रीत, सगळ्यांनी माना वळवल्या आणि आम्ही खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर नुसतं ऊन होतं, माझ्यापुरतं कडं असलेलं. बातमीदारही बघत होता.

बऱ्याच वेळाने हात खाली आला.

"शेवटचं वाक्य खोडा," साहेब म्हणाले. "लिहा. माहिती न्यायालयातून फुटलेली नाही, स्टेनोवर कोणताही ठपका नाही. साक्षीदारांचं नाव, पत्ता, चेहरा छापायचा नाही. ते झाकण्याचा अधिकार त्यांचा आहे. पण आपली गोष्ट आपण होऊन कुणी सांगितली, तर तिचं तोंड बंद करण्याचा अधिकार या न्यायालयाला नाही. ती कुणी सांगितली हे बातमीदाराला विचारण्याची गरज उरलेली नाही. झालं?"

"झालं, साहेब," पोरगी म्हणाली. आणि मग तिला रडू फुटलं.

७

आठ दिवसांनी पोरीचा फोन आला. "बाई, इथे कोर्टात अर्जाच्या खिडकीवर कुणीतरी आलंय. नक्कल नकोय, अर्ज नाहीये. तुम्ही येता का?"

तिशीची, उंच, ऑफिसातून मधेच निघून आलेली दिसत होती. तिने पर्समधून मऊ कापडाची घडी काढली आणि लाकडी फळीवर उलगडली. एवढंसं झबलं. लाल मासा. पिवळी शेपटी.

"मी लहानपणापासून समजायचे, हा मासाच असा असतो," ती म्हणाली. "धागा खरंच संपला होता?"

"हो."

तिने मान हलवली. मी म्हणाले, तुम्ही पत्र लिहा, ते बंद लिफाफ्यातून पोचेल, पुढचं पुढे. पण ती नको म्हणाली. "माझी आई आहे घरी. तिनेच हे जपून ठेवलंय. तिला न सांगता आलेय मी, आणि आज तरी सांगायचं धाडस नाही. नाव नका सांगू मला. कळलं तर मी शोधायला जाईन."

झबल्याची घडी करताना मी ते जवळून बघितलं. "रंग गेला नाही का हो याचा?"

"नाही ना! आई दर वर्षी एकदा धुते, सावलीत वाळवते. एक डागही नाही पडला."

त्याच संध्याकाळी मी एक धड असलेला ब्लाउज घेऊन त्या दुकानात गेले. नवऱ्याने ओळखलं, खुर्ची पुढे केली, पडदा बाजूला सारला. ती मशीनवर होती. मला बघून तिचा पाय थांबला.

"ब्लाउजची शिवण उसवलीय," मी मोठ्याने म्हणाले. "आणि एक सांगायचं होतं. तुम्ही मागे एका लहान मुलीच्या कपड्याला पिवळा धागा लावला होता ना, त्याचा रंग गेलेला नाही. मी आज डोळ्यांनी बघितला. इतकी वर्षं धुतलाय, जपलाय, कुठे एक डाग नाही. मुलगीही मोठी झाली. चांगली उंच आहे."

"मग!" नवरा खुश होऊन म्हणाला. "आमच्या हिच्या हातचं कधी बिघडत नाही."

तिने दोन्ही हात मशीनवर टेकवले आणि मान खाली घातली.

"अहो," मी नवऱ्याला म्हणाले, "बाहेर दोरीवरची तुमची चादर उडाली की काय? बघा बरं जरा." आणि माझा डावा तळहात आपोआप वर आला.

तो खिडकीशी गेला. मीही त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. चादर जागच्या जागी होती, चिमटे घट्ट बसलेले होते. "कुठे उडालीय?" तो म्हणाला. "नीट बघा," मी म्हणाले, आणि आम्ही दोघं बराच वेळ बाहेर बघत राहिलो.